चार मिलिमीटरचा तडा

माझ्या मावशीला कुणाच्या घरी पाहुणी म्हणून नेणं जोखमीचं असायचं. यजमान पाणी घेऊन येईपर्यंत ती खोलीभर फिरून भिंतींवर बोटाच्या पेरांनी टकटक करून मोकळी झालेली असे. आईचं लग्न ठरवायला सगळे बाबांच्या घरी गेले होते, तेव्हा बोलणी सुरू व्हायच्या आतच तिने छताकडे बोट दाखवलं. “ही तुळई मधोमध वाकली आहे. आधी हिला टेकू द्या, मग आमची मुलगी देऊ.” बाबांचे वडील जाम चिडले. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी गुपचूप सुतार बोलावला, आणि सुताराने शिडीवर चढून तुळई पाहिली आणि कपाळाला हात लावला. पुढे आयुष्यभर आजोबा तिची ओळख करून देताना म्हणायचे, “ही आमच्या सुनेची थोरली बहीण. आम्ही सगळे हिच्यामुळे छताखाली आहोत, छताबरोबर खाली नाही.”

गवंड्याची मुलगी ती. लहानपणी वडिलांबरोबर बांधकामावर जायची आणि ओळंबा धरायची. दोरीला बांधलेलं ते वजन भिंतीशेजारी सोडलं की भिंत सरळ आहे की कललेली ते लगेच कळतं. वडील तिला सांगायचे, “डोळा खोटं बोलतो, ओळंबा बोलत नाही.” बाविसाव्या वर्षी ती पालिकेच्या नकाशा विभागात लागली. तिने लग्न केलं नाही. आमच्याकडेच पुढच्या खोलीत राहिली. त्या खोलीत खाट एका कोपऱ्यात आणि बाकी सगळी जागा नकाशाच्या फळीला. ऑफिसात आणि गल्लीत तिला मापबाई म्हणत. तिला त्याचं वाईट वाटत नसे. “बिनमापाची म्हणण्यापेक्षा बरं,” म्हणायची.

मी सहा वर्षांची असताना युद्ध सुरू झालं. पहिले बॉम्ब स्टेशनावर पडले, मग गोदामांवर, आणि मग काही नेमच राहिला नाही. मावशीच्या विभागाचे तेव्हाचे प्रमुख म्हातारे होते. सगळे त्यांना जुने साहेब म्हणत. त्यांनी तिला बोलावलं आणि तेवीस इमारतींची यादी समोर ठेवली. शहरातल्या सगळ्यात जुन्या तेवीस.

“बॉम्ब अडवणं आपल्या हातात नाही,” ते म्हणाले. “पण उद्या पुन्हा बांधायची वेळ आली, तर कुठली कमान किती उंच होती हे कुणाला तरी सांगता आलं पाहिजे. मोजाल?”

“मोजते,” मावशी म्हणाली. “टेपचं दुसरं टोक कोण धरणार?”

दुसरं टोक धरायला ऑफिसचे शिपाई मिळाले. इतके उंच, की सगळे त्यांना लंबूकाका म्हणत. त्यांना शिडी लागत नसे, ते स्वतःच शिडी होते. चौदा महिने दोघं शहरभर हिंडले. भोंगा वाजला की ज्या इमारतीचं माप चाललं असेल तिच्याच कमानीखाली अंग चोरून बसायचे, आणि भोंगा थांबला की राहिलेलं माप पुरं करायचे. एकदा सकाळी त्यांनी नाट्यगृहाचं रंगपीठ मोजलं आणि संध्याकाळी नाट्यगृह राहिलं नाही. मावशीने तरीही त्याचा नकाशा पुरा केला. मी फळीखाली बसून तिच्या पेनाची खरखर ऐकायची. “जी इमारतच नाही तिचा नकाशा कशाला काढतेस?” मी विचारलं होतं. “इमारत गेली, माप कुठे गेलंय?” ती म्हणाली.

यादीतली शेवटची इमारत म्हणजे नदीकाठचं जकातघर. काळ्या दगडाचं, दोन मजली, समोर चौदा कमानी. पूर्वी होड्यांतून येणारा माल इथे उतरायचा, तोलला जायचा, त्याच्यावर जकात लागायची. भिंतीत होड्या बांधायच्या लोखंडी कड्या अजून होत्या आणि हमालांच्या पावलांनी घाटाच्या पायऱ्या मधोमध खोलगट झालेल्या. जकात कधीच बंद झाली होती. मावशीच्या काळात खाली शिंप्यांची दुकानं होती आणि वर टायपिंगचा वर्ग आणि एक दातांचा दवाखाना. शिंप्यांची मशिनं, वरच्या टाइपरायटरांचा खडखडाट आणि दवाखान्यातलं विव्हळणं, असं ते दिवसभर वाजत असायचं.

युद्धाच्या दुसऱ्या वर्षी जकातघरामागच्या गल्लीत बॉम्ब पडला. गल्लीतली सहा घरं भुईसपाट झाली. जकातघराच्या खिडक्या फुटल्या आणि पश्चिमेच्या भिंतीत जमिनीपासून खिडकीपर्यंत एक तडा गेला. बस्स. मावशीने तो तडा मोजला आणि नकाशावर लिहिलं, ४.० मिलिमीटर. हे टिंब आणि शून्य जुन्या साहेबांनी शिकवलं होतं. ते म्हणायचे, नुसते चार लिहिले तर अंदाज वाटतो. चार, टिंब, शून्य लिहिलं की वाचणाऱ्याला कळतं, हिने खरंच मोजलं आहे.

मग तिने फुटलेल्या खिडक्यांच्या काचेच्या बोटभर रुंद सात पट्ट्या कापल्या आणि त्या तड्यावर आडव्या बसवल्या. एक टोक तड्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला, दोन्ही टोकं प्लास्टरने पक्की केलेली. प्रत्येक पट्टीवर खिळ्याने तारीख कोरली. भिंत केसभर जरी हलली, तरी काच तडकते. भिंतीला काही विचारावं लागत नाही.

युद्ध संपलं तेव्हा तेवीसपैकी नऊ इमारती गेल्या होत्या. मावशीचे नकाशे कपाटात होते. आता पुन्हा बांधतील, असं तिला खरोखर वाटलं होतं. त्यासाठीच तर मोजल्या होत्या.

एकही बांधली नाही. उलट उरलेल्या चौदा जायला लागल्या. मुलींची शाळा रस्ता रुंद करायला पाडली. रस्ता आजही तेवढाच आहे. जुन्या दवाखान्याच्या जागी गाड्या उभ्या राहतात. सार्वजनिक स्नानगृह विजेच्या बिघाडाने जळालं असं सांगितलं. त्याची वीज दोन महिन्यांपूर्वीच तोडली होती, हे मावशीने लेखी कळवलं. तिला उत्तर आलं की पत्र मिळालं. अशा तेरा गेल्या. चोवीस वर्षांत, भर दिवसा, सह्याशिक्क्यानिशी. “नऊ युद्धाने नेल्या आणि तेरा शांततेने,” ती म्हणायची. “बॉम्ब टाकणाऱ्यांनी निदान खोटे कागद तरी केले नव्हते.”

उरलं ते एकटं जकातघर.

मावशीच्या निवृत्तीला सात महिने राहिले होते तेव्हा जकातघराच्या मधल्या कमानीवर नोटीस लागली. धोकादायक इमारत, तीस दिवसांत रिकामी करावी. कारण म्हणून खाली लिहिलं होतं: नकाशा विभागाच्या नोंदीनुसार पश्चिमेच्या भिंतीस ४० मिलिमीटरचा तडा. आणि त्याखाली नोंद करणाऱ्याचं पद आणि नाव. मावशीचं.

आपलं नाव तिने ऑफिसला जाता जाता रस्त्यावरच वाचलं. तशीच ती ऑफिसात गेली आणि दप्तरखान्यातून मूळ नकाशा मागवला. नकाशा मेणकापडावर काढलेला होता. त्या कापडावरची शाई पुसली जात नाही, खरवडावी लागते. तिने नकाशा खिडकीच्या काचेवर उजेडात धरला. चार आणि शून्याच्या मध्ये मोहरीएवढी जागा ब्लेडने खरवडून पातळ झालेली दिसत होती.

ती थेट विभागप्रमुखांच्या खोलीत गेली. जुने साहेब जाऊन बरीच वर्षं झाली होती. हे साहेब तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, बोलायला गोड.

“बाई, बसा ना. चहा सांगू?”

“टिंब कुठे गेलं ते सांगा.”

“कसलं टिंब?”

तिने नकाशा टेबलावर पसरला. साहेबांनी न वाकता पाहिल्यासारखं केलं. “चोवीस वर्षांचा कागद आहे. झिजला असेल.”

“झिजताना नेमकं टिंब झिजलं. शेजारचं शून्य तसंच राहिलं.”

“बाई,” साहेब समजुतीने म्हणाले, “एका टिंबासाठी एवढं कशाला? इमारत म्हातारी झालीय. आज ना उद्या जायचीच.”

“म्हातारी तर मीही झालेय. मलाही पाडणार का?”

साहेब हसले. मग त्यांनी तिला नव्या इमारतीचं चित्र दाखवलं. बावीस मजले. जकातघराच्या दर्शनी भागाचा फोटो काढून तो खालच्या काचेवर छापणार होते. “म्हणजे लोकांना आठवण राहील,” ते म्हणाले.

मावशी मला नंतर सांगत होती की त्या क्षणापर्यंत तिला फक्त धक्का बसला होता. ते काचेचं चित्र पाहिलं आणि संताप तळपायापासून वर आला.

त्या दिवशी आमच्याकडे जेवणं झालीच नाहीत. बाबा काळजीने म्हणाले, “ताई, निवृत्तीच्या तोंडावर तुमच्यावरच चौकशी लावतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?”

आई जरा चिडूनच बोलली. “ताई, नऊ इमारती बॉम्बने पडल्या तेव्हा तू कुणाशी भांडली होतीस? मग आत्ताच का?”

“तेव्हा खाली माझी सही नव्हती,” मावशी म्हणाली.

जकातघरात तिचं स्वागत होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. पश्चिमेच्या टोकाच्या दुकानातला शिंपी, मावशीचे कपडे शिवणारा, तिला दारातच म्हणाला, “बाई, नव्या इमारतीत आम्हाला दुकानं देतायत. तुम्ही कशाला आडव्या येता? तुमचं काय, चार महिन्यांनी घरी बसाल.”

“सात,” मावशी म्हणाली. “आणि दुकान देतो असा कागद दिलाय?”

“तोंडी सांगितलंय.”

“बरं. मला तुमचं कपाट जरा सरकवून द्याल?”

कपड्यांनी भरलेलं कपाट दोघांनी कण्हतकुथत सरकवलं. मागे कोळिष्टकं होती, बोटात घालायचे दोन हरवलेले अंगुस्ताने होते आणि भिंतीवर त्या सात काचपट्ट्या होत्या. धुळीने माखलेल्या. मावशीने पदराने एकेक पुसली. खिळ्याने कोरलेल्या तारखा दिसायला लागल्या. सातही पट्ट्या अखंड होत्या. एकीलाही चीर नव्हती.

ही काय भानगड आहे ते शिंप्याने विचारलं. तिने सांगितलं. तो वीस वर्षं त्या भिंतीला पाठ लावून कपडे शिवत होता. त्याने एका पट्टीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, “म्हणजे चोवीस वर्षांत ही हललीच नाही?”

“तुमचं मशीन दिवसभर हलतं. ही नाही हलली.”

नोटिशीविरुद्धच्या तिच्या अर्जावर पहिली सही त्याची झाली. नंतर टायपिंगच्या बाईंची, दातांच्या डॉक्टरांची आणि बाकीच्या शिंप्यांची. दोघांनी मात्र नाही केली आणि मावशीने त्यांना भरीसही घातलं नाही.

सुनावणी झाली. सुनावणी अधिकारी सर्दीने हैराण झालेले एक वयस्कर गृहस्थ होते. रुमालाने नाक पुसत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. साहेबांच्या बाजूने सांगितलं की बाईंना निवृत्तीच्या काळजीने मानसिक त्रास होतोय. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मावशी म्हणाली, “माझं डोकं तपासा. पण आधी भिंत तपासा.” अधिकाऱ्यांनी येत्या मंगळवारी जागेवर येऊन पाहणी करायचं ठरवलं.

मंगळवारी कपाट सरकवलं, तर सातही पट्ट्या फुटलेल्या होत्या.

साहेबांनी हात पसरले. “बघा, आम्ही म्हणत होतो ना, भिंत हलतेय.”

शिंपी मावशीकडे बघत नव्हता. खाली मान घालून तो म्हणाला, “रविवारी पालिकेची दोन माणसं आली होती. रंगाची पाहणी करायची म्हणून किल्ली मागितली. मी दिली.”

मावशी भिंतीपाशी गुडघ्यांवर बसली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, “साहेब, तुम्हाला त्रास होईल, पण खाली वाका.” ते वाकले. “भिंत हलली तर काच कशी तुटते? दोन तुकडे एकमेकांपासून दूर जातात. नाहीतर एक वर जातो आणि एक खाली. आता हे पाहा. सातही पट्ट्यांची टोकं आपल्या जागी पक्की आहेत, एका रेषेत आहेत, केसभर सरकलेली नाहीत. फक्त मधला भाग गायब आहे. आणि हा मागच्या दगडावर पांढरा डाग. तो हातोडीचा.” तिने धातूच्या पातळ, आकडे कोरलेल्या पट्ट्यांचं मापन-साधन काढलं, तड्यात घातलं आणि त्यांच्या हातात दिलं. “तुम्हीच वाचा.”

अधिकाऱ्यांनी चष्मा वर केला. “चार,” ते म्हणाले.

“चार, टिंब?”

“चार टिंब शून्य.”

साहेब खिडकीबाहेर नदी बघत होते.

अधिकारी उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले की निर्णय राखून ठेवतो, लेखी आदेश दहा दिवसांत निघेल, तोपर्यंत इमारतीला हात लावू नये. हेही तोंडीच. मावशीने तेव्हाच लिहून मागायला हवं होतं. ती स्वतःला त्याबद्दल अजून क्षमा करत नाही. पण समोरचा माणूस वाकून भिंत बघतो आणि खरं माप तोंडाने वाचतो, एवढ्यानेच ती सुखावली होती.

आठव्या दिवशी, सुट्टीच्या सकाळी, कचेऱ्या बंद असताना जकातघरासमोर दोन यंत्रं येऊन उभी राहिली. सोबत पोलीस आणि एक कागद. इमारत कोणत्याही क्षणी कोसळेल म्हणून तातडीने पाडत आहोत. शिंप्यांना मशिनं बाहेर काढायला एक तास मिळाला. दवाखान्याची दातांची खुर्ची रस्त्यावर आणून ठेवली ती दोन दिवस तिथेच होती. येणारे-जाणारे तिच्यावर टेकत होते.

कोणत्याही क्षणी कोसळणारी ती इमारत पाडायला नऊ दिवस लागले.

मावशीने रजा टाकली. समोरच्या औषधांच्या दुकानाच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून ती रोज सकाळपासून बसायची, मांडीवर वही. दुसऱ्या दिवसापासून लंबूकाका येऊ लागले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, कमरेत वाकलेले आणि युद्धापासून एका कानाने बहिरे. त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही चार घरं ऐकत.

“पडली का?” ते विचारायचे.

“नाही,” मावशी सांगायची.

“धोकादायक होती म्हणाले ना?”

“हो.”

“मग पडत का नाही?”

बंदोबस्ताचा पोलीस तोंड फिरवून हसायचा. पण लंबूकाका गंमत करत नव्हते. त्यांना उत्तर हवं होतं. दर तासाला ते तोच प्रश्न विचारायचे आणि रस्ता दर तासाला तो ऐकायचा.

तिसऱ्या दिवशी एका यंत्राचा दात तुटला. चौथ्या दिवशी तिसरं यंत्र आलं. यंत्र चालवणारा माणूस चहा प्यायला सावलीत यायचा. त्याने मावशीला विचारलं, “बाई, काय लिहिता?”

“कुठली भिंत किती वाजता पाडायला घेतली आणि किती वाजता पडली.”

“मग माझी साक्ष लिहा,” तो म्हणाला. “अशी भिंत मी जन्मात फोडली नाही. ही पडणार होती असं कुणी सांगितलं?”

तिने त्याच्यापुढे नोटीस धरली. त्याने हात मागे घेतला. “ते वाचायला लावू नका. मला उद्याही कामावर यायचंय.”

पाचव्या दिवशी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्याकडे गेले. मी गणित शिकवते. त्या दिवशी नेमकी मुलांना दशांश अपूर्णांकांची उजळणी देऊन आले होते. मला वाटलं होतं मावशी रडत असेल. ती रडत नव्हती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि पेन इतकं दाबून चालवलं होतं की पान फाटलं होतं. तिने वही माझ्याकडे दिली आणि म्हणाली, “तू लिही, मी सांगते.” मी लिहिलं. “पाचवा दिवस. दुपारी पावणेतीन. कमान क्रमांक अकरा. तीन धक्के. पडली नाही.” असं सात पानं. सगळ्यात शेवटी पडली ती पश्चिमेची भिंत. नवव्या दिवशी, अडीच तासांनी. पडली तेव्हा ती अख्खी एका तुकड्यात आडवी झाली आणि पडल्यावरही तो तडा होता तेवढाच होता.

सतरा दिवसांनी सुनावणीचा निर्णय आला. वरातीमागून घोडं. मूळ नोंदीत अज्ञात व्यक्तीने फेरफार केल्याचं आढळतं, नोटीस चुकीच्या मापावर आधारलेली होती, तक्रारदारांचं म्हणणं ग्राह्य आहे. आणि शेवटची ओळ: सदर इमारत अस्तित्वात नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे.

मावशीने ते मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. “अज्ञात व्यक्ती,” ती म्हणाली. “दप्तरखान्याची किल्ली तीन माणसांकडे असते. आणि व्यक्ती अज्ञात.”

निवृत्तीच्या दिवशी ऑफिसात छोटा समारंभ ठेवला. न जाण्याचं तिच्या मनात होतं, पण आई म्हणाली, छत्तीस वर्षांची नोकरी आहे, पळून गेल्यासारखं कशाला करतेस. साहेब तिच्या कामसूपणाबद्दल दहा मिनिटं बोलले. मग तिला भेटवस्तू दिली. चौकटीतला मोठा फोटो होता. जकातघराचा. संध्याकाळच्या उन्हात, चौदाच्या चौदा कमानी.

कुणी दुष्टपणाने निवडला असेल असं मला वाटत नाही. बहुधा कुणी विचारच केला नव्हता, आणि मला तेच जास्त भयंकर वाटतं.

मावशीने फोटो हातात घेतला, पाहिला आणि साहेबांच्या टेबलावर भिंतीला टेकवून उभा केला. “हा इथेच राहू दे,” ती म्हणाली. “खाली एक पट्टी लावा. पाडायच्या कागदावर ज्यांनी सह्या केल्या त्यांची नावं लिहा. टिंब खरवडून माझंही नाव वापरलंत, तेही लिहा. मग मी दरवर्षी येऊन पुसून जाईन.” चहा न घेता ती खाली उतरली. मागोमाग ऑफिसातल्या दोन बायका उतरल्या आणि तिला नाक्यापर्यंत सोडायला आल्या.

साहेबांना बढती मिळाली. बावीस मजले अजून उभे राहिलेले नाहीत. जागेभोवती पत्रे आहेत आणि पत्र्यांवर जकातघराचं पूर्ण आकाराचं चित्र छापलंय. शिंप्याला दुकान मिळालं नाही. तो एका इमारतीच्या जिन्याखाली मशीन घेऊन बसतो. मावशीचे कपडे तो अजून शिवतो, आणि दोघांपैकी कुणीही किल्लीचा विषय काढत नाही.

मावशी घरी बसली नाही. निर्णयाची प्रत आणि नऊ दिवसांची वही घेऊन ती दर आठवड्याला पालिकेत एक पत्र देऊ लागली. दोन वर्षं. पत्र घेणारा कारकून शेवटी तिला खुर्ची देऊ लागला आणि मग स्वतःच पत्रातल्या चुका सुधारू लागला. एका नगरसेविकेने तो विषय सभेत लावून धरला. आता नियम झालाय की धोकादायकची नोटीस लावायच्या आधी तडा राहणाऱ्यांच्या समोर मोजायचा, आणि माप अंकी आणि अक्षरी, दोन्ही लिहायचं. त्या नियमाने आतापर्यंत चार इमारती वाचल्या. तेवीसमधली त्यांत एकही नाही, कारण तेवीसमधलं काही उरलेलंच नाही.

लोक आता तिला बोलावतात. गेल्या महिन्यात एका जुन्या वसतिगृहातले लोक आले. तिथे आता बिऱ्हाडं राहत होती. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या इमारतींना नोटिसा लागल्या होत्या. आपल्यालाही लागेल, त्याआधी मापबाईंकडून भिंती ठणठणीत असल्याचं लिहून घ्यावं, असा त्यांचा बेत होता. तिच्याबरोबर मीही गेले. तिने जिना पाहिला, तुळया पाहिल्या, ओळंबा सोडला. तासाभराने ती अंगणात आली.

“ही पडणार आहे,” ती म्हणाली. “जिन्याची भिंत सुटली आहे. आजच खाली उतरा.”

लोकांना ते पटेना. एक आजीबाई म्हणाल्या, “तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच निघालात. किती मिळाले?” कुणीतरी तिच्या अंगावर धावून आलं. मी तिचा हात धरून ओढत होते. ती हलेना. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसली आणि म्हणाली, “तुम्ही उतरत नसाल तर मीही इथून उठत नाही. पडलीच तर आधी माझ्यावर पडेल.”

दुपारपर्यंत ती तिथे बसून होती. शेवटी एक बाई कडेवर मूल घेऊन खाली आली, मग तिचा नवरा, मग गाद्या, भांडी, कपाटं. आजीबाई सगळ्यात शेवटी उतरल्या, मावशीला शिव्या देत. घरी येताना मावशी एवढंच म्हणाली, “त्यांची काय चूक? खोट्या नोटिसा लावून लावून पालिकेने खऱ्याची किंमत ठेवली नाही.”

चौथ्या दिवशी जिना खाली आला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही.

त्या वसतिगृहाला पालिकेने कधी नोटीस का लावली नव्हती, याची चौकशी मावशीने केली. शेजारच्या दोन्ही इमारती रस्त्याला लागून होत्या, हे मागे, नाल्याच्या काठी. ती जागा कुणालाच नको होती, म्हणून तिकडे कुणी फिरकलंच नव्हतं. एकसष्ट वर्षांची माझी मावशी सध्या रोज सकाळी त्याबद्दल पत्र लिहिते. काल तिने मला शाई आणायला सांगितली.